पडद्यामागचा आवाज

कापसाचा हंगाम आला की मला शाळेत जायला उशीर होतो. सबब सांगत नाही, खरंच होतो. पिपरी मेघेतून निघून मोठ्या रस्त्याला लागावं, तर पुढे कापसाने फुगलेली एखादी ट्रॉली डुलत डुलत चाललेली असते. तिला ना घाई, ना लाज. मागे माझी स्कूटी. हॉर्न वाजवून काही उपयोग नसतो, कारण वर बसलेला माणूस कापसात इतका रुतलेला असतो की जगाचं त्याला काही ऐकूच येत नाही. कापसाचे पुंजके उडतात, रस्त्याकडेच्या बाभळींच्या काट्यांत अडकतात आणि सकाळच्या उन्हात बाभळीला बहर आल्यासारखं वाटतं. बाहेरगावचे लोक गाड्या थांबवून फोटो काढतात.

दिसतं सुंदरच, मी नाही म्हणत नाही. पण बघितलं की मी उगाच ट्रॉलीवाल्यावर चिडते. नवरा म्हणतो, "दिवाळी झाली की तुले काय होते काय मालूम!" काय होतं ते मला चांगलं माहीत आहे. मला एका हंगामातली चौथीतली पोरगी आठवते. तिचा खणखणीत आवाज आठवतो, आणि मी त्या आवाजाचं काय करून ठेवलं तेही आठवतं.

तेव्हा मी नाचणगावच्या पुढच्या एका खेड्यात शिकवत होते. नाचणगाव माझं माहेर, त्यामुळे तो सगळा पट्टा मला घरचाच वाटायचा. कापूस फुटला की वर्ग अर्धा रिकामा व्हायचा. पोरं आईबरोबर वेचायला जायची आणि चार दिवसांनी परत यायची ती बोटं ओरबाडलेली, केसांत कापूस, खिशात उकडलेल्या तुरीच्या शेंगा. वर्गभर त्या शेंगांचा खारट वास. मी ओरडायची, "शाळा आहे की बाजार आहे?" आणि मग त्यांच्यातल्याच दोन शेंगा मागून खायची. थंडीचं ऊन खिडकीतून फळ्यापर्यंत यायचं. तसं ऊन सोडून मुलांना सावलीत बसवायचं माझ्या जिवावर यायचं, मग आम्ही सगळे व्हरांड्यात सरकायचो. सुखाचे दिवस होते हो. तेच तर त्रासदायक आहे. वाईट दिवस असते तर आठवायला इतकं जड गेलं नसतं.

आणि समीक्षा. अंगाने एवढीशी, दोन वेण्या, एकीची रिबीन नेहमी सुटलेली. पण परिपाठाला उभी राहून "सावधान" म्हणाली की लिंबाखाली झोपलेली कुत्री उठून उभी राहायची. माइक तिला लागतच नव्हता. गावाच्या दुसऱ्या टोकाला, बुद्धविहाराच्या गल्लीत तिचं घर. तिची आई सांगायची, "सकाळी परिपाठ हिचा सुरू झाला का मी घरून ऐकतो. म्हनतो, चला, पोट्टी पोचली शाळेत."

त्या वर्षी संमेलन जवळ आलं तेव्हा हेडसर म्हणाले, "मॅडम, दरसाली तेच शेतकरी नृत्य. या खेपेले काही गावचं करा न." मला तर तेच हवं होतं. पुस्तकातला इतिहास म्हणजे किल्ले आणि लढाया. आणि शाळेच्या मागे, चार पावलांवर, जुनी विहीर होती, तिच्यावर लोखंडी जाळी टाकलेली, आणि तिचा इतिहास कोणी कधी पोरांना सांगितला नव्हता. गावातल्या अर्ध्या लोकांनी दुरून पाणी मागायचं आणि बाकीच्यांनी वाटलं तर द्यायचं, असा तो इतिहास. मी म्हटलं, त्याचंच नाटक करू.

हेडसरांचा चेहरा पडला. "लहान लेकरं हायेत. कायले उकरता?"

"सर, आपण नाही सांगितलं तर कोण सांगणार?" असं मी म्हटलं. आणि खोटं कशाला सांगू, म्हणताना मला माझाच फार अभिमान वाटला.

मी वर्गात सगळं सांगितलं. मग प्रश्न सुटले. असले प्रश्न मोठ्या माणसाच्या बापाला सुचणार नाहीत. "मॅडम, इहिरीले कसं मालूम पडे, कोण हाय ते?" "रातच्याले गुपचूप का नाई नेत होते?" "मंग मासोळ्या? मासोळ्या तं पान्यातच राहेत, त्यायले नाई म्हनत होते काय?" सगळे हसले, मीही हसले. एक पोरगी मात्र रडायला लागली. खुशी तिचं नाव, मळ्यातली, तिच्या घरचे लोक पुलगावच्या बाजारात भाजी विकतात. मला बरं वाटलं. म्हटलं, पोहोचलं. कोणीतरी रडलं म्हणजे आपण नीट शिकवलं, अशी माझी तेव्हाची समज होती.

पात्रं वाटताना मी फार विचार केला. सगळा घोळ तिथेच झाला. वर्गात विहाराच्या गल्लीतली चार मुलं होती. त्यांना रिकाम्या घागरी घेऊन हात पसरून उभं करायचं? छे! मनाला लागेल. म्हणून घागरवाल्या सगळ्या मी शेतीवाल्यांच्या घरातल्या निवडल्या. आणि पाणी नाकारणारे? समोर सरपंच बसणार, शाळा समितीचे अध्यक्ष बसणार, पोरांचे बाप बसणार. आपल्या लेकराला असलं काम दिलेलं कोणाला आवडेल? म्हणून नाकारणारे मी रंगमंचावर आणलेच नाहीत. पडद्यामागून नुसता आवाज येईल, असं ठरवलं. कोणाचं मन दुखवायचं नाही, कोणाचा राग ओढवायचा नाही. सगळ्यांची काळजी घेतली मी. माझ्यासारखी गुणाची बाई शोधून सापडली नसती.

समीक्षाने हात वर केला. "मॅडम, मले घागरवाली बनायचं हाय."

"तू नको गं."

"काऊन?"

"तुझा आवाज मोठा आहे ना! पडद्यामागचा आवाज तू. सगळ्यांत मोठं काम तुला."

ती खूश झाली नाही. वर्गावरून एकदा नजर फिरवली आणि म्हणाली, "आमच्या गल्लीतलं कोनीच घागरवालं नाई." अगदी साधं, हजेरी घेतल्यासारखं बोलली. पण सगळा वर्ग वळून त्या चौघांकडे बघायला लागला. त्या क्षणी थांबायला हवं होतं मी. मी टाळी वाजवली आणि म्हटलं, "चला चला, सराव!"

पडद्यामागे कोणाला दिसणार नाही, म्हणजे तिला लागणार नाही, आणि कामही मोठं मिळेल, असा माझा विचार. ती कोणत्या घरातली आणि तिच्या तोंडी मी काय देते आहे, या दोन गोष्टी माझ्या डोक्यात एकमेकींना भेटल्याच नाहीत. बी.एड. झालेलं डोकं हो! मी वाक्यं लिहून दिली. "थांब! दूर उभी राहा! विहिरीला हात लावू नको!" तिने ती दुसऱ्याच दिवशी पाठ करून आणली.

आणि मग मधल्या सुट्टीत नळावर ते झालं. पोरं रांगेत होती. समीक्षा आली तशी खुशीने बाकीच्यांना ढकलून बाजूला केलं. "सरका वं! हिले पहिले पिऊ द्या. यायले पानी नव्हतं भेटत, बिचारीले." आणि पोरं सरकली. शहाणी, मायाळू पोरं. गल्लीतल्या बाकी तिघांनाही हात धरून पुढे आणलं. नळासमोर ती चार आणि बाजूला सगळा वर्ग, दया करत उभा. समीक्षाने खुशीला असा धक्का दिला की खुशी नळाच्या ओट्यावर पडली, कपाळाला टेंगूळ आलं. खुशी रडत रडत मला म्हणाली, "मी तं चांगलंच केलं न मॅडम!"

आणि मी रागावले कोणाला? समीक्षाला. "ती तुझ्यासाठीच सरकली ना? असं ढकलतात का मैत्रिणीला?"  ती पाणी प्यालीच नव्हती, हेही मला संध्याकाळी आठवलं.

कालपर्यंत त्या नळावर एकच रांग होती, ढकलाढकलीची, शिव्यागाळीची, निरोगी रांग. तिच्यात समीक्षा कोपराने वाट काढायची आणि सगळे तिच्या नावाने ओरडायचे. ती रांग माझ्या धड्याने मोडली. धडा खोटा नव्हता, पोरंही वाईट नव्हती, मग वाईट कोण होतं? हा प्रश्न मी अजूनही स्कूटीवर बसून स्वतःला विचारते आणि दर वेळी उत्तर तेच येतं.

शाळा सुटल्यावर मी तिच्या घरी निघाले. मनात वाक्यं जुळवत होते, समजावून सांगू, थोडं हसून सांगू, असं. गल्लीत वळले तर आवाज आला. "थांब! दूर उभी राह्य! इहिरीले हात लावू नको!" पुन्हा एकदा. अजून मोठ्याने. माझं वाक्य तिने आपल्या बोलीत घेतलं होतं आणि ते माझ्यापेक्षा फार बरं झालं होतं. अंगणात समीक्षा पाय फाकवून, हात कमरेवर ठेवून उभी होती. समोर तिची आई. नुकतीच शेतातून आलेली, कमरेला बांधलेली कापसाची ओटी अजून सोडली नव्हती, केसांत कापूस होता. ती खाली बसून लेकीकडे बघत होती.

मी दारातच थांबले. नाटक मी लिहिलं होतं, पण ते खरं झालेलं तेव्हाच पहिल्यांदा पाहिलं.

"या मॅडम, बसा. पानी आनतो." तिने लोटाभर पाणी आणलं. मी घटाघटा प्याले. ती म्हणाली, "आवाज चांगला हाय न तिचा?"

"हो," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

"आल्यापासून हेच करून राह्यली. म्या इचारलं, कोनाचं काम हाय वं हे? तं म्हने, गाववाल्यायचं." ती ओटीतला कापूस निवडू लागली. "माह्या आजेसासूनं त्या इहिरीत घागर टाकली होती मॅडम. कोनाले इचारलं नाई. दोर घरूनच नेला. पहिल्याच खेपेले दोर अडकला, तं तिनं तिथंच उभं राहून साऱ्या गावाले शिव्या देल्या म्हने. आमच्या घरी हे गोष्ट हासत सांगते. म्हून तं हिले घागर पायजे होती."

मी म्हटलं, "मला वाटलं, तिच्या मनाला लागेल."

"लागलंच न." तिचा आवाज चढला नाही. "तुमच्यातल्या कोनाले बोलता नाई येत काय ते? इतके दिवस तं येत होतं."

मी परत निघाले तेव्हा धुऱ्याधुऱ्याने, शेतांच्या बांधांवरून, बायका कापसाची गाठोडी डोक्यावर घेऊन घरी येत होत्या. त्यांच्याकडे बघता बघता मला आमचं शेत आठवलं. लहानपणीची माझी सगळ्यांत लाडकी आठवण आहे ती. कितीतरी वेळा वर्गात कौतुकाने सांगितलेली. पहिल्या वेचणीच्या दिवशी सीतादहीची पूजा व्हायची. धुऱ्यावर दगड मांडून त्यांना हळद-कुंकू, आणि मग सगळ्या वेचणाऱ्या बायकांना पळसाच्या पानावर दहीभात. आणि पाणी द्यायचं काम माझं. बायका ओंजळ करून खाली बसायच्या आणि मी लोटा उंच धरून वरून धार सोडायची. धार बारीक, सरळ, लोटा त्यांच्या हाताला कुठेही टेकू द्यायचा नाही. मला ते फार छान जमायचं. बायका म्हणायच्या, "पोट्टी हुशार हाय." मी फुगून जायची. तो लोटा टेकू का द्यायचा नाही, हे मी कधी विचारलं नाही. बी.एड.ला विचारलं नाही, नोकरीला लागले तेव्हा विचारलं नाही, विहिरीचं नाटक लिहितानासुद्धा नाही. मला वाटायचं, तो खेळ आहे. रस्त्यात उभी राहून रडले मी. लाज वाटली, आणि त्याहून जास्त राग आला स्वतःचा.

दुसऱ्या दिवशी मी तो आवाज शेतीवाल्यांच्या एका मुलाला दिला. तिसऱ्या दिवशी त्याचे वडील आले. भला माणूस, माझ्या माहेरच्या ओळखीतला. "मॅडम, आमच्या लेकरानं कायले वाईट बनाव? आम्ही तं कोनाले काई म्हटलं नाई." हेडसर लगेच म्हणाले, "जाऊ द्या न मॅडम. नृत्यच करू." आणि मी जाऊ दिलं. ते मला सर्वांत जास्त खातं. वाक्यं मी लिहिली होती. आवाज मला होता. 'मी म्हणते' एवढं म्हणायला काय झालं होतं? कोणी तोंड धरलं नव्हतं माझं. त्या वर्षी पोरं डोक्यावर पाट्या घेऊन नाचली, सरपंचांनी टाळ्या वाजवल्या.

समीक्षाने त्यानंतरच्या सोमवारी सांगितलं, घसा बसला आहे. परिपाठ दुसऱ्या मुलीने घेतला. पुढच्या सोमवारीही घसा बसलेला. मी मध घे म्हटलं, गरम पाणी पी म्हटलं. सगळं सांगितलं, चुकले एवढंच सांगितलं नाही. चौथी संपून ती पुलगावला गेली, माझी बदली वर्ध्याकडे झाली. त्यानंतर किती हंगाम गेले. विहिरीची गोष्ट मी कोणत्याच वर्गाला सांगितली नाही. लहान लेकरं आहेत, कशाला उकरा, असं स्वतःलाच सांगत राहिले. ते हेडसरांचं वाक्य होतं हे ठाऊक असून.

या दिवाळीत माहेरी जाताना ती मला पुलगावच्या स्टँडवर भेटली. उंच झाली आहे, चष्मा लागला आहे. तिनेच हाक मारली. मी काय बोलावं, तर म्हटलं, "परिपाठ घेतेस का गं शाळेत?"

"नाई मॅडम. समोर नाई बोलत मी आता."

एस.टी. यायला वेळ होता. मी म्हटलं, "समीक्षा, माझं चुकलं गं तेव्हा. तुला तो आवाज द्यायला नको होता. आणि तू ढकललंस तेव्हा तुलाच रागावायला नको होतं."

ती चष्मा पुसत राहिली. आता म्हणेल, जाऊ द्या मॅडम, असं मला वाटत होतं. मला तेच हवं होतं. ती ते म्हणाली नाही. म्हणाली, "नाटक चांगलं होतं पन. व्हाले पायजे होतं." आणि मग जराशी हसून, "तुमीच बोलाले पायजे होतं मॅडम. तुमचा काय आवाज लहान हाय?"

"आता करू?"

"करा न. पन पनजीचं सांगा, घरून दोर नेल्याचं. रडवून नका सांगजा."

म्हणून या आठवड्यात मी चौथीला विहिरीची गोष्ट सांगितली. दोर अडकल्याची आणि शिव्यांची सांगितली, पोरं हसून लोळली. मग व्हरांड्यात मधोमध बादली ठेवून विहीर केली. घागरवाली कोण, यासाठी सगळ्यांचेच हात वर. मी सगळ्यांना आळीपाळीने केलं. अपेक्षित प्रश्न आलाच. "मॅडम, नाई म्हननारं कोन बनन?"

"मी."

काय आनंद झाला पोरांना! मॅडम नाटकात! पहिली पोरगी घागर घेऊन, ठुमकत, विहिरीकडे आली. मी कमरेवर हात ठेवले, छाती भरून श्वास घेतला. "थांब! दूर उभी राहा!" हेच वाक्य तोंडात तयार होतं. पण बाहेर आलं ते भलतंच. "थांब वं माय. कायले तरास घेतं? मी देतो न वरून. तू फक्त ओंजळ कर."

आवाज माझ्या आईचा होता. मऊ, दह्यासारखा. आमच्या धुऱ्यावर कधी कोणी ओरडलेलं मला आठवेना, एकदाही. मी सराव केला नव्हता, एक शब्दही लिहिला नव्हता, आणि सगळं कसं जागच्या जागी आलं. समोरच्या पोरीने घागर खाली ठेवली आणि ओंजळ केली. घागर खाली ठेव म्हणून तिला कोणी सांगितलं नव्हतं. 

मागून एक पोरगा कंटाळून ओरडला, "मॅडम, राग नाई आल्यावानी वाटत! जरा आवाज चढवा न. हे तं तुमी आमाले रोज बोलता तसंच हाय."